१४ वर्षं जुनी गाडी, घरच्या घरी काय काय बदलता येईल? (बजेट कमी आहे, प्लीज पूर्ण वाचून लिहा)

खटारा_मालक
नमस्कार मंडळी. माझी पेट्रोल हॅचबॅक १४ वर्षांची झाली. इंजिन ठणठणीत आहे आणि विकायची नाहीये (हे मुद्दाम लिहितोय). तक्रारी तीन. हेडलाइट इतके मंद की रात्री समोरून कोणी आलं की पुढचा रस्ताच गायब होतो. टेप फक्त रेडिओ आणि सीडीचा, त्यातली सीडी आत अडकून चार वर्षं झाली. आणि मागे घेताना मान आता पूर्वीसारखी वळत नाही, तर टेपच्या जागी स्क्रीन आणि मागे कॅमेरा लावावा म्हणतोय. बजेट म्हणजे टाकी चार वेळा फुल करायला लागतात तेवढे पैसे, वर एक दमडी नाही. पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर घरात आहेत आणि सुट्टीचा एक दिवस आहे. आधी काय करू?

तेलकट_हात
विकून टाका. १४ वर्षांच्या गाडीवर खर्च म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी. नसेलच विकायची तर अलॉय व्हील टाका, मी टाकले, गाडीचा लुकच बदलला, लोक वळून बघतात.

खटारा_मालक
दादा, मला रस्ता दिसायला हवाय, लोकांना मी दिसतोच आहे.

सातवा_गिअर
एलईडी टाका एलईडी. जुना बल्ब काढायचा, नवा घालायचा, दहा मिनिटांचं काम. माझ्या गाडीत दोन वर्षं आहेत, रात्री नुसता दिवस उजाडतो.

बारा_व्होल्ट
जरा थांबा. जुन्या गाडीत बहुतेक एच४ बल्ब असतो, ६०/५५ वॉटचा (हाय बीमला ६०, लो बीमला म्हणजे जवळच्या उजेडाला ५५), त्याच्या आत लो बीमच्या तारेखाली छोटी पत्र्याची वाटी असते, उजेड वर जाऊ नये म्हणून. रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेच्या जागेवर बेतलेला. तिथे भलत्याच मापाची एलईडी बसवली की उजेड वाटेल तिकडे फाकतो, आपल्याला पांढरंशुभ्र वाटतं आणि समोरच्याचे डोळे जातात.

सातवा_गिअर
मला दोन वर्षांत एकही माणूस काही बोललेला नाही.

बारा_व्होल्ट
बोलले असतील हो, त्यांच्या काचा बंद होत्या.

बरं मुद्द्यावर. मालक, काही विकत घ्यायच्या आधी साधा मल्टीमीटर मिळवा. इंजिन चालू, लो बीम चालू, आधी बॅटरीवर व्होल्टेज बघा. मग बल्बचा कनेक्टर लावलेलाच ठेवून त्याच्या मागून पिना टोचून तिथे बघा. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष बल्बचा नाही, वायरिंगचा. बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड ३० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. जुन्या गाड्यांत सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो, वायरी बारीक, कनेक्टर गंजलेले, दुसरं काय होणार.

अबोली
आधी काच बघा ना, पिवळी पडली असेल तर बल्ब काहीही टाका, उपयोग शून्य. प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी होते. मी टूथपेस्ट लावून जुन्या मोज्याने घासली, चकाचक.

रिकामटेकडा
टूथपेस्टने महिना दीड महिना चकाचक राहते ताई, मग पहिल्यापेक्षा पिवळी. नीट करायची तर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ८००, मग १५००, मग २००० नंबर, आणि शेवटी यूव्हीचा (उन्हापासून वाचवणारा) क्लिअर कोट मारायचा. हा शेवटचा कोट सगळे विसरतात. आजूबाजूच्या रंगावर टेप चिकटवा, मी नव्हती चिकटवली, बॉनेटवर अजून ओरखडे आहेत.

अबोली
पण माझी सहा महिने झाले तरी छान आहे. पांढरी टूथपेस्ट घ्यायची, जेलवाली नाही.

रिकामटेकडा
गाडी सावलीत उभी असणार तुमची.

अबोली
हो, शेडमध्ये. मग? काच छान आहे हे खरं ना?

सातवा_गिअर
एलईडी नको तर १००/९० चे बल्ब टाका, बाकी कशाला हात लावायला नको.

बारा_व्होल्ट
मूळ वायरिंगवर अजिबात नको. हाय बीमला दोन बल्बचे २०० वॉट म्हणजे १६ अँपिअरच्या वर करंट, त्याच बारीक स्विचमधून. होल्डर वितळतो. बघितलेत वितळलेले.

दमट_ब्रेक
कोणीच टायर आणि ब्रेकबद्दल का बोलत नाहीये? टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. ३५१८ म्हणजे २०१८ च्या ३५व्या आठवड्यातला टायर. खाचा खोल दिसतात म्हणून लोक दहा दहा वर्षं ओढतात, रबर कधीच दगड झालेलं असतं. रुंद टायर हवा तर बाहेरचा व्यास सारखा राहील असं बघून घ्या, उदा. १५५/८० आर १३ च्या जागी १७५/७० आर १३ घेतला तर तीन मिलिमीटरचाच फरक पडतो, फक्त कुठे घासत नाही ना ते बघायचं. आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, दर दोन वर्षांनी बदला. मला हे उतारावर पेडल पार तळाला गेल्यावर कळलं, हँडब्रेकवर थांबलो, हात अर्धा तास थरथरत होते. टीव्ही स्क्रीन नंतर बसवा.

तेलकट_हात
म्हणूनच म्हणतो, अलॉय आणि रुंद टायर, सगळं एकदम करून टाका.

खटारा_मालक
तेलकटदादा, बजेट. चार टाक्या.

मागची_सीट
स्क्रीन मी स्वतः बसवलीय, हौस भारी. वायरींचे रंग नीट वाचा. पिवळी म्हणजे कायम १२ व्होल्ट, मेमरीसाठी, लाल म्हणजे चावी फिरवल्यावरच, काळी अर्थ (अर्थिंगची, गाडीच्या बॉडीला जाणारी). मी लाल आणि पिवळी एकत्र पिळून दिली कारण ‘चालतंय की’. तिसऱ्या दिवशी बॅटरी मेली, स्क्रीन रात्रभर जागी राहायची. गाडी बंद करून झोपवली की बॅटरीतून ५० मिलीअँपिअरच्या आतच करंट जायला हवा. कॅमेऱ्याला करंट रिव्हर्स लाइटच्या वायरीतून घ्या आणि वायर डिकीच्या दारातल्या रबरी नळीतूनच आत न्या, मी शॉर्टकट मारला, पावसात स्टेपनीच्या खड्ड्यात तळं झालं. एवढं करून सांगतो, घेऊ नका. मोबाइलला स्टँड लावा, मागे बघायला आरसे आहेत.

रिकामटेकडा
+१. स्क्रीन म्हणजे पैसे वाया. काच घासा.

दमट_ब्रेक
+१. टायर.

खटारा_मालक
मल्टीमीटर शेजाऱ्यांकडून आणला. बॅटरीवर १४.१. बल्बवर १४ च्या जागी ११.६!! एवढा फरक असतो?

बारा_व्होल्ट
असतो. आता एकच बघा, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बल्बच्या काळ्या वायरीवर, लाइट चालू ठेवून.

खटारा_मालक
१.३.

बारा_व्होल्ट
म्हणजे निम्मी चोरी अर्थच्या वायरीत आहे, शून्याच्या जवळ यायला हवं. हेडलाइटच्या मागे ती वायर बॉडीला जिथे बोल्टने घट्ट केलीय तो बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज पत्रा चमकेपर्यंत घासा, पुन्हा आवळा, वरून ग्रीस. याला पैसे लागत नाहीत. उरलेल्यासाठी रिले टाका (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, पिनांवर नंबर असतात), ३० ला बॅटरीची वायर, ८७ वरून बल्बला, ८५ अर्थला, ८६ ला जुनी हेडलाइटची वायर. फ्यूज बॅटरीला अगदी चिकटून, विसरलात तर वायर घासली त्या दिवशी धूर.

सातवा_गिअर
एवढ्या उपद्व्यापापेक्षा एलईडी दहा मिनिटांत होते.

खटारा_मालक
उशिरा लिहितोय. बोल्ट निघेना, तेल सोडून रात्रभर ठेवला, सकाळी पान्याने एकदाचा हलला. खाली नुसता तांबडा भुगा. दोन्ही बाजू घासल्या, बल्बवर आता १२.७. काल रात्री चक्कर मारली, कडेचे दगडसुद्धा दिसले. अबोलीताईंच्या टूथपेस्टने काच पण घासली, ट्यूब घरात होतीच. रिले टाकत नाही, मला एवढं पुरे.

म्हणजे चार टाक्या शिल्लक. त्यातून स्क्रीन आणि कॅमेरा घेतला. माहितीय सगळ्यांनी नको सांगितलं होतं. टायरचा कोडही वाचला पण तो इथे लिहीत नाही, तुम्ही ओरडाल. लाल पिवळी वेगळी ठेवली, मागची_सीट यांचे आभार. सीडी निघाली आतून, वाजते अजून, फक्त ती वाजवायला आता काही नाही.

दमट_ब्रेक
कोड लिहा.

खटारा_मालक
दुसरंच विचारायचं होतं. डॅशबोर्डचं पॅनल काढताना एक क्लिप तुटली, आता खड्ड्यात खडखड वाजतं. तेवढी क्लिप सुटी मिळते का?

मागची_सीट
नाही मिळत. मी घडी घातलेला कागद कोंबलाय.