अंबाल्याला हार्वर्ड विमानाच्या अपघातात गेलेले चुलत आजोबा : नोंद कुठे शोधावी?

गोदाकाठ (नाशिक)
माझ्या आजोबांचे थोरले बंधू दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात दाखल झाले आणि 1944 साली अंबाल्याच्या वैमानिक प्रशिक्षण शाळेत हार्वर्ड विमान कोसळून गेले. घरात त्यांचे गणवेशातील एक छायाचित्र आणि घडीवर फाटलेली एक तार एवढेच उरले आहे. तारेत 'विमान अपघात' यापलीकडे काही नाही. आमचे मूळ गाव अमळनेर, परंतु पणजोबा अस्थी घेऊन रामकुंडावर आले होते, असे आजी सांगत असे. अपघाताची सरकारी नोंद कुठे पाहावी? शिवाय, शत्रूशी गाठ न पडता सरावात गेलेल्या माणसाला युद्धात मरण आले असे म्हणावे का? घरातील एका वडीलधाऱ्यांना ती फुशारकी वाटते.

निवृत्त यंत्रज्ञ (ओझर)
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते स्पष्ट आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळात सैन्यसेवेत असताना मृत्यू पावलेल्या प्रत्येकाला, कारण कोणतेही असो, युद्धमृत मानतो. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे 55,573 वैमानिक व विमानकर्मी त्या युद्धात गेले, आणि त्यांपैकी 8 हजारांहून अधिक प्रशिक्षणात किंवा अन्य अपघातांत गेले. अमेरिकेने तर स्वतःच्याच भूमीवर, विमान अपघातांत, सुमारे 15 हजार माणसे गमावली. आपल्या वडीलधाऱ्यांना हे आकडे अवश्य दाखवावेत.

अपघात नेमका कशाने झाला हे कागद पाहिल्याशिवाय कोणी सांगू नये. परंतु त्या शिक्षणक्रमातील धोका कुठे होता, हे सांगता येते. विद्यार्थी प्रथम टायगर मॉथवर शिकत. ते पोलादी नळ्या, लाकूड व कापड यांचे, 130 अश्वशक्तीचे दुपंखी विमान, आणि त्यात एकट्याने उडताना विद्यार्थी मागच्या आसनावर बसे. तिथून तो सुमारे 600 अश्वशक्तीच्या, चाके आत ओढून घेणाऱ्या हार्वर्डवर जाई, आणि तिथे मात्र त्याची जागा पुढे असे. हार्वर्डचा वेग प्रमाणाबाहेर घटला की एक पंख एकाएकी खाली कलंडतो. चांगल्या उंचीवर हाच प्रकार मुद्दाम करून शिकवतात. परंतु धावपट्टीकडे वळताना, जमीन तीन-चारशे फुटांवर असताना तो घडला, तर सावरायला उंचीच शिल्लक राहत नाही. ढगात शिरून क्षितिज हरवणे आणि परवानगीशिवाय फार खालून उडणे हीदेखील त्या काळच्या अपघातांची नेहमीची कारणे होती.

खडकीकर
आमच्या खडकीच्या युद्धसमाधिस्थळात शोधण्यात वेळ घालवू नये. दहन झाले असल्याने थडगे असणार नाही. अविभक्त भारताच्या ज्या सैनिकांना थडगे नाही, अशा 25 हजारांहून अधिक जणांची स्मृती दिल्ली व कराची येथील स्मारकांनी जपली आहे; आयोगाच्या संकेतस्थळावर आडनावाने शोध घेता येतो, मात्र इंग्रजांनी आपल्या नावांचे हिज्जे कसेही केलेले असतात, म्हणून चार-पाच रूपे करून पाहावीत. लंडनच्या हेंडन येथील हवाई दल संग्रहालयात त्या काळच्या अपघातांची, 1180 क्रमांकाच्या नमुन्यातील कार्डे आहेत. तिथे लिहिताना अपघाताची तारीख आणि विमानाचा प्रकार द्यावा.

पंचवटीतील वाचक
तारीख तारेवर वाचता येत नसेल तर रामकुंडावर आपल्या गावाचे तीर्थोपाध्याय शोधावेत. त्यांच्या वह्या गाव व आडनावानुसार असतात आणि यजमान कशासाठी आला होता हेही बहुधा लिहिलेले सापडते.

गोदाकाठ (नाशिक)
सर्वांचे आभार. तारेवरची तारीख खरोखरच घडीत गेलेली होती. काल अमळनेरकरांची वही मिळाली. पणजोबांची सही मोडीत आहे. शके 1865, फाल्गुन वद्य, आणि पुढे 'पुत्र विमानातून पडून मयत, अस्थी' एवढी ओळ. उपाध्यायांनी ती दोनदा वाचून दाखवली. शके 1865 चा फाल्गुन म्हणजे 1944 चा मार्च, त्यामुळे मृत्यू त्याआधीच्या थोड्या दिवसांतला असावा. आता जुने पंचांग पाहून तिथीवरून तारखेचा अंदाज बांधतो आणि हेंडनला पत्र लिहितो. नावाचे हिज्जे कोणते द्यावेत, याचा मात्र अजून निर्णय होत नाही, कारण तारेवर एक आहेत आणि छायाचित्रामागे दुसरेच.