परमिट रूममधले ‘गेमिंग’: जुगार, द्यूत की पैज?

दादरहून: एका परमिट रूमच्या दर्शनी भागी लावायच्या सूचनेचे मी मराठी करीत आहे. मूळ इंग्रजीत ‘गेमिंग’ आणि ‘बेटिंग’ शेजारी शेजारी आहेत. मी ‘जुगार व पैज’ असे लिहिले. पण मालक म्हणतात की, सामना पाहताना दोन गिऱ्हाइकांनी जेवणाची पैज मारली तर तो काही जुगार नव्हे, तेव्हा ‘पैज’ काढावी.

गिरगावहून: काढू नये. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत पैज जुगारातच येते. अटींवर सुटते ती घोड्यांची शर्यत, म्हणून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पैज उघडपणे लागते. मात्र ‘द्यूत’ असा भारदस्त शब्द असताना ‘जुगार’ कशाला?

लालबागहून: पंचनाम्यात ‘द्यूत’ मी आजवर वाचलेला नाही, आणि ‘जुगार’ हा माझ्या मते ‘द्यूतकार’चाच वंशज आहे, त्यामुळे शुद्धतेचा आग्रह इथे गैरलागू ठरतो. गिरण्या चालू होत्या तेव्हा आमच्या चाळीत मटक्याचे ‘ओपन’, ‘क्लोज’, म्हणजे आधी आणि नंतर फुटणारे आकडे, लहान मुलांनाही ठाऊक असत. पत्त्यांच्या अड्ड्याबद्दल बोलताना वडील ‘नाल’ म्हणत, म्हणजे जिंकणाऱ्याच्या पैशातून अड्डेवाल्याने कापलेला वाटा. सगळी मेख या शब्दात आहे. रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले खरे, पण पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो, हेही त्याच निकालात आहे. 1887 च्या कायद्याप्रमाणे जागा चालवणाऱ्यावर कलम 4 लागते, तिथे सापडलेल्यांवर कलम 5. सूचनेत ‘नाल’ हा शब्द यायलाच हवा.

मुलुंडहून: परवान्याचे विसरू नका. पोलिसांचा छापा वेगळा आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाची कारवाई वेगळी. अटींचा भंग झाला तर 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. अशा सूचनेत बोलीभाषेतला शब्द नको, ‘मोबदला’ लिहा.

लालबागहून: मोबदला वेटरलाही मिळतो. ‘नाल’ फक्त अड्डेवाल्याला मिळते.

गिरगावहून: ‘मिळते’ की ‘मिळतो’? घोड्याचा नाल पुल्लिंगी आहे, आणि हा शब्द तिथूनच, ‘नालबंदी’च्या वाटेने आला असावा, घोडदळाच्या खर्चासाठी ती रक्कम देत असत.

लालबागहून: आमच्याकडे तो स्त्रीलिंगीच होता, आणि घोड्याशी त्याचा संबंध मला पटत नाही.

दादरहून: ‘पैज’ ठेवते. पण मालकांना ‘नाल’ माहीतच नाही, तो कसा लिहू?