आईबाबांना रेल्वेने फिरवायचंय: अमेरिकेत कुठे, युरोपात कुठे? सल्ला हवा

पारिजात_एडिसन

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये आईबाबा नाशिकहून आमच्याकडे न्यू जर्सीला येत आहेत. बाबांनी 26 वर्षं पंचवटीने नाशिकरोड-मुंबई अप-डाऊन केलंय. रेल्वे म्हटलं की माणूस खुलतो. ऑगस्टअखेर ते परत जातील तेव्हा मीही सोबत निघेन आणि वाटेत युरोपात आठ-दहा दिवस गाडीने फिरू, असा विचार आहे. त्याआधी अमेरिकेतही एक चांगला रेल्वेप्रवास घडवायचाय.

शिकागो ते कॅलिफोर्निया पूर्ण जावं का? युरोपात पास घ्यावा की सुटी तिकिटं? डोक्यात पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम आहे. आईचे गुडघे दुखतात, जिना चढते पण हळूहळू. दोघंही शाकाहारी.

खिडकीपाशी

ताई, मी 11 वर्षं झुरिकला आहे. आधी व्हिसाचं बघा. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, व्हिसासाठी सहसा आपण राहतो त्या देशातूनच अर्ज करावा लागतो. आईबाबा अमेरिकेत पाहुणे म्हणून असताना तिथून अर्ज करणं फार अवघड जातं. निघण्याआधी भारतातूनच व्हिसा काढायला सांगा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, त्यामुळे तुमच्या तारखा बसतात.

आता मनापासून सांगते, पॅरिस आणि रोम या वेळी सोडा. भारतात परतणाऱ्या माणसांकडे 23-23 किलोच्या बॅगा असतात. इथे हमाल मिळत नाहीत, आणि गाडी मधल्या स्टेशनवर दोन-तीन मिनिटंच थांबते. मोठ्या बॅगा झुरिकला लॉकरमध्ये टाका नि एकेक छोटी बॅग घेऊन गोल फेरी मारा: झुरिक, लुसर्न, कूर, तिथून बर्निना मार्गाने इटलीतलं तिरानो, मग मिलान, आणि मिलानहून परत झुरिक. परतीच्या गाडीत 57 किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा लागतो. बाबांना तो आधीच सांगून ठेवा, घड्याळ लावून बसतील.

कूर ते तिरानो ‘बर्निना एक्सप्रेस’ नावाची काचेच्या छताची गाडी आहे, तिला आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. माझं मत, साधी गाडी घ्या. रूळ तोच, आरक्षण लागत नाही, काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. सेंट मॉरिट्झला बदलायची. लँडवासरचा 65 मीटर उंच दगडी पूल वळणावर आहे आणि तो संपतो तोच सरळ कड्यातल्या बोगद्यात. वळणामुळे आपल्याच गाडीचं इंजिन आत शिरताना खिडकीतून दिसतं. मी तो बारा-तेरा वेळा पाहिलाय, अजूनही बोलता बोलता थांबते.

स्विस ट्रॅव्हल पास 8 दिवसांचा घ्या. गाड्या, बस, सरोवरातल्या बोटी सगळं त्यात येतं आणि तिरानोपर्यंत चालतो. खरा फायदा आईंना होईल. दमल्या तर बाकावर बसू दे, ही गाडी गेली तर बहुतेक मार्गांवर अर्ध्या-एक तासात पुढची आहेच. युरोपातला रेल्वेप्रवास सुखाचा होतो तो वेगापेक्षा या भरवशामुळे.

इटलीतली तिकिटं मात्र वेगळी. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशिनमध्ये छापून घ्यावं लागतं. मी एकदा विसरले आणि दंड भरला, चूक माझीच होती.

डेन्व्हरकर

शिकागो ते सॅन फ्रान्सिस्कोजवळचं एमरीव्हिल म्हणजे कॅलिफोर्निया झेफिर, सुमारे 3,900 किलोमीटर, दोन रात्री. दिवसाला एकच गाडी. ईशान्येकडचा भाग सोडला तर ॲमट्रॅकच्या, म्हणजे अमेरिकेतल्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेच्या, गाड्या बहुतेक मालगाडी कंपन्यांच्या रुळांवरून धावतात. कायद्याने प्रवासी गाडीला प्राधान्य आहे, तरी मालगाडीसाठी बाजूला थांबावं लागतं आणि उशीर वाढत जातो. म्हणून उतरल्यावर त्याच दिवसाचं विमान कधीच धरू नका.

सबंध प्रवास आईंना झेपणार नाही असं मला वाटतं. शयनकक्षात, म्हणजे रूमेटमध्ये, एक बर्थ वरचा असतो. त्यापेक्षा फक्त डेन्व्हर ते ग्लेनवूड स्प्रिंग्ज करा. सकाळी निघून दुपारी पोचता, आणि सगळ्या मार्गातला सर्वांत सुंदर टप्पा दिवसाउजेडी बघता. रॉकी पर्वताचा चढ, 1928 सालचा दहा किलोमीटरचा मॉफट बोगदा, मग तासन् तास कोलोरॅडो नदी सोबत.

गाडी दुमजली आहे. वर जायचा जिना अरुंद आणि वळणाचा, पण एका डब्यातून दुसऱ्यात वरूनच जाता येतं. खालच्या मजल्यावरची जागा घेतली तर मोठ्या काचांच्या निरीक्षण डब्यात जायला पुन्हा जिना आलाच. त्यामुळे आईंनी एकदाच हळूहळू वर चढावं आणि मग वरच बसावं. फलाट खाली असतो, कंडक्टर दाराशी पिवळा स्टूल ठेवतो, हात देतो.

ग्लेनवूडला स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर गरम पाण्याचा मोठा तलाव आहे. वज्रेश्वरीच्या कुंडात बसल्यासारखं वाटेल, गुडघ्यांना बरं. दोन रात्री राहा. खाण्याचं म्हणाल तर दशम्या, चटणी, लाडू बरोबर घ्या. कॅफेत शाकाहारी फारसं काही मिळत नाही.

मेट्रोपार्कवाला

घरापासूनच सुरुवात करा की! तुमच्या जवळच्या मेट्रोपार्क स्टेशनहून वॉशिंग्टन, साधारण तीन तास. बॉस्टन-वॉशिंग्टन हा पट्टा विजेवर चालतो, बराचसा ॲमट्रॅकच्या मालकीचा आहे आणि गाड्या दिवसभर आहेत. अमेरिकेत युरोपच्या जवळ जाणारा अनुभव इथेच. तिकीट लवकर काढा, तारीख जवळ आली की भाव चढतात.

आणि जर्मनीत जायचं मनात आलंच तर गाडी बदलताना मधे भरपूर वेळ ठेवा. 2024 मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम 62 टक्के वेळेवर धावल्या. युरोप म्हणजे सगळं घड्याळाबरहुकूम असं नाही, ते स्वित्झर्लंडपुरतं.

पारिजात_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. पॅरिस-रोम रद्द. जूनमध्ये वॉशिंग्टन, जुलैत डेन्व्हर-ग्लेनवूड, शेवटी झुरिकची गोल फेरी. काल रात्री बाबांना फोन करून हे वाचून दाखवलं. त्यांचा एकच प्रश्न आहे: बर्निनाचा घाट कसाऱ्यापेक्षा मोठा का? बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, लावतात का?

खिडकीपाशी

बाबांना सांगा, कसाऱ्याला 37 मीटरला 1 मीटर चढ, बर्निनाला 14 मीटरला 1. मीटर गेज, विजेची गाडी, ना दातेरी रूळ, ना मागून ढकलणारं इंजिन. 2,253 मीटर उंचीवर खिंड ओलांडते. सेंट मॉरिट्झहून निघताना उजवीकडच्या खिडक्या धरा, हिमनदी त्याच बाजूला दिसते.