मदत हवी आहे: 'बेअरबॅक'मध्ये पाठ उघडी कुणाची, घोड्याची की स्वाराची?

नमस्कार मंडळी,

मुलांच्या एका पुस्तिकेसाठी घोड्यांवरचा इंग्रजी मजकूर मराठीत करतोय. त्यात 'बेअरबॅक रायडर' आला आणि मी बेधडक 'उघड्या पाठीचा स्वार' लिहून मोकळा झालो. धाकटा भाऊ तालमीत जातो. त्यानं वाचून विचारलं, "दादा, गडी लंगोट लावून घोड्यावर बसलाय व्हय?"

कोश उघडला तर तिथं दोन्ही अर्थ: खोगिराशिवाय, आणि पाठ उघडी असलेला. म्हणजे माझं अगदीच चुकलं नव्हतं, पण इथं उघडी पाठ घोड्याची आहे. इंग्रजी शब्द तसाच ठेवावा, तर बोलीभाषेत त्याला निरोध न वापरता केलेल्या संबंधाचाही अर्थ आहे. मुलांच्या पुस्तिकेत कशाला ती आफत!

काल रंकाळ्यावर एका घोडेवाल्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "नुसत्या पाठीवर बसतोय म्हणायचं की, त्यात काय एवढं!" फार आवडलं. पण मजकुरात दोन प्रसंग आहेत. सर्कशीतली बाई धावत्या घोड्यावर उभी राहते, पाय घसरू नये म्हणून पाठीवर राळेची पूड टाकलेली असते. तिथं 'नुसत्या पाठीवर' चालून जाईल. दुसरा प्रसंग अमेरिकेतल्या रोडिओचा. उधळलेल्या घोड्यावर एका हातानं ८ सेकंद टिकायचं, दुसरा हात कुठं लागला की बाद. त्यालाही बेअरबॅकच म्हणतात, पण घोड्याला कातडी पट्टा आवळलेला असतो आणि त्याच्या मुठीला धरायचं असतं. मग पाठ 'नुसती' कुठं राहिली?

दोन्हीकडे चालेल असा एकच शब्द सुचवा.

प्रतिसाद १: सरळ 'बिनखोगिराची घोडेस्वारी' करा. पट्टा म्हणजे खोगीर नव्हे, त्यामुळे रोडिओतही खोटं ठरत नाही. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली सर्कस काढली, ते स्वतः घोडेस्वारीत तयार होते. घोड्याच्या कसरतींना मराठी शब्द कमी पडायचं कारण नाही.

प्रतिसाद २: 'बिनजिनाची' कसं वाटतं? 'खोगीर' म्हटलं की आधी खोगीरभरतीच आठवते.

धागाकर्ता: 'बिनजिनाची' वाचून पोरं बाटलीतला जिन्न शोधतील ओ. 'बिनखोगिराची' घेतो. पण 'शी रोड बेअरबॅक' असं क्रियेबरोबर आलं की 'ती बिनखोगिराची बसली' होतंय, जणू खोगीर बाईलाच घालायचं होतं. तिथं मामांचं 'नुसत्या पाठीवर' घालू का?

प्रतिसाद १: घाला की बिनधास्त. फक्त रोडिओच्या वाक्यात 'खोगीर न घालता' लिहा.