१२ मिनिटांच्या भयपटाचा ट्रेलर: किती दाखवायचं? पोस्टर कसं करायचं?

कोनाडा:
कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी १२ मिनिटांचा भयपट करतोय. जुन्या वाड्यातलं जातं रात्री आपोआप फिरतं, ही कल्पना. एक कॅमेरा आणि दोन एलईडी पॅनल आहेत. ट्रेलर किती लांब ठेवावा? भूत दाखवावं का? रात्रीच्या शॉटला दाणे (बारीक ठिपके) येताहेत आणि मोबाईलवर काळ्या भागात चौकोन दिसतात. पोस्टरही करायचंय.

संकलक:
५० ते ६० सेकंद पुष्कळ झाले. शेवटच्या तीन मिनिटांतला एकही शॉट ट्रेलरमध्ये नको. भूतही नको, जातं आहे ना! पहिले आठ सेकंद फक्त तेच: खुंटा धरायला कुणी नाही, वरची तळी फिरतेय, कडेनं पीठ सांडतंय.

खुंट्याला तंगूस (नायलॉनचा दोरा) बांधून ओढलं तर जेमतेम अर्धा फेरा होतो. त्यापेक्षा भोवऱ्याला जाळी (दोरी) गुंडाळतात तसे तळीच्या कडेला तीन-चार वेढे द्या, टोक टेपनं चिकटवा आणि फ्रेमबाहेरून तळीच्याच उंचीवर सरळ ओढा. जाड तंगूस घ्या, नाहीतर तुटेल. हाताला कापतो, म्हणून काठीला गुंडाळून ओढा. बाजूचा प्रकाश पडला की तंगूस चमकतो, तेव्हा काळ्या मार्करनं रंगवून घ्या. आत धान्य घालू नका, तळी जड होते. पीठ आधीच कडेला पसरून ठेवा.

दाणे येतात ते आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) चढवल्यामुळे. सेटवर प्रकाश नीट द्या, अंधार ग्रेडिंगमध्ये (संकलनात रंग-उजेड ठरवताना) करा. २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम) शटर १/५० सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून घरातले दिवे सहसा लुकलुकत नाहीत. चौकोन कॉम्प्रेशनचे (फाइल लहान करण्याचे) आहेत. यूट्यूबवर फाइल ४के करून चढवा, मूळ १०८० असली तरी. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कानोसा:
बहुतेक जण ट्रेलर फोनवर बघणार, हे धरून आवाज करा. ५० हर्ट्झची घुमणारी ड्रोन (सलग खालचा सूर) हेडफोनवर अंगावर येते, फोनच्या स्पीकरवर ती जवळजवळ ऐकूच येत नाही. तिच्यावर थोडं सॅच्युरेशन (वरचे सूर भरणारा इफेक्ट) टाका किंवा दगडावर दगड घासल्याची घरघर जोडा. ती घरघर त्याच खोलीत वेगळी रेकॉर्ड करा, माईक जात्यापासून वीतभर अंतरावर. शिवाय सगळे गप्प बसून खोलीचा नुसता आवाज मिनिटभर घ्या. दचकवायच्या आधी दीड सेकंद संगीत तोडायचं, पण खाली हा खोलीचा आवाज चालू हवा. पूर्ण शून्य ठेवलंत तर लोकांना फोन म्यूट झाला असं वाटतं.

शाईकाम:
पोस्टरसाठी व्हिडिओतली फ्रेम काढू नका. १०८० पिक्सेल उंचीची फ्रेम उभ्या ए३ वर ताणली की जेमतेम ६५ डीपीआय (इंचाला ६५ ठिपके) उरतात. ३०० डीपीआयला ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात, म्हणून त्याच लाइटिंगमध्ये स्टिल फोटो वेगळे काढा, वर नावासाठी रिकामी जागा सोडून. कागदावर काळोख आणखी गडद होतो. एक ए४ प्रिंट काढून बघा आणि मगच बाकीचे छापा. छपाईत नुसता १०० टक्के के (काळी शाई) राखाडी दिसतो, मोठ्या काळ्या भागाला सी (निळसर) ६०, एम (किरमिजी) ४०, वाय (पिवळी) ४० टक्के जोडा. मात्र त्यावर बारीक पांढरी अक्षरं नकोत. शाई पसरली की अनुस्वार आणि रफार बुजतात. क्यूआर पांढऱ्या चौकोनात काळा छापा, उलट केला तर काही फोन वाचत नाहीत. इन्स्टासाठी १०८० × १३५० ची मांडणी वेगळी करा, ए३ कापून काढू नका.

कोनाडा:
खूप उपयोगी. तंगूस उद्याच आणतो. एक राहिलं: प्रीमिअरमध्ये (संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘जात्याची’ लिहिलं की ‘जात् याची’ असं तुटतं.

शाईकाम:
प्रेफरन्सेस, ग्राफिक्समध्ये टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा आणि शीर्षक नव्या लेअरवर पुन्हा टाइप करा. फॉन्ट युनिकोडच हवा. मुक्ता मोफत आहे, जोडाक्षरंही नीट येतात.