मदत हवी आहे: नववीच्या मुलींसाठी इलेक्ट्रॉनिक्सचे शनिवार आणि पालकसभेतले प्रश्न (नागपूर)

धागाकर्ती:
नागपुरात महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या ३० मुली आहेत, शनिवारी दीड तास मिळतो. प्रयोगाच्या तासाला उपकरणं मुलग्यांच्या हातात आणि वही मुलींकडे, हे मला मोडायचं आहे. सोल्डरिंगशिवाय जोडता येईल आणि घरी उपयोगी पडेल असं काय करून घेऊ? सामान किती लागेल? शिवाय पालकसभेत "इंजिनिअरिंग झेपणार नाही, साधं काहीतरी करू दे" हे हमखास येतं. तिथे नेमकं काय सांगायचं?

ब्रेडबोर्डवाला:
मॅडम, पाण्याच्या टाकीचा अलार्म करा. नळाच्या वेळा सांभाळणाऱ्या घरात तो लगेच कामाला येतो. दोघींची एक जोडी, म्हणजे १५ संच. १५ ब्रेडबोर्ड (सोल्डरिंगशिवाय भोकात पाय खोचून सर्किट जोडायची पाटी), तीन सेलचे १५ होल्डर, ४५ पेन्सिल सेल, लाल एलईडी ३०, २२० ओहमचे आणि १ किलोओहमचे रेझिस्टर प्रत्येकी ३०, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर २५, बझर १५ आणि एकतारी वायर. बहुतारी वायर घेऊ नका, ती ब्रेडबोर्डच्या भोकात दुमडते. बझर "अॅक्टिव्ह" मागा. पॅसिव्ह बझरला नुसता डीसी दिला तर टक् करून गप्प बसतो. सीताबर्डीला सगळं मिळेल.

पहिल्या शनिवारी फक्त एलईडी. ४.५ व्होल्टला २२० ओहम लावला की साधारण ११ मिलिअँपिअर जातात, तेवढे पुरेत. लांब पाय प्लसकडे. रेझिस्टर न लावता एलईडी जोडला तर तो जळतो. एक मुद्दाम जाळून दाखवा, मग रेझिस्टर कशाला हे फळ्यावर लिहावं लागत नाही.

दुसऱ्या शनिवारी ट्रान्झिस्टर, म्हणजे बेस या पायाला थोडा प्रवाह दिला की मोठा प्रवाह चालू करणारा स्विच. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर मायनसला. प्लसपासून २२० ओहम आणि एलईडी कलेक्टरपर्यंत. बेसला १ किलोओहम आणि त्यापुढे एक मोकळी तार. दुसरी मोकळी तार थेट प्लसला. दोन्ही तारा पाण्यात बुडाल्या की दिवा लागतो. मग एलईडी आणि रेझिस्टर काढून तिथे बझर, त्याची प्लसची खूण प्लसकडे.

बहुतेक वेळा अडतं ते दोनच ठिकाणी. ट्रान्झिस्टर उलटा बसतो, किंवा रेझिस्टरची अदलाबदल होते. २२० म्हणजे लाल-लाल-तपकिरी, १ किलोओहम म्हणजे तपकिरी-काळा-लाल. कमी उजेडात लाल आणि तपकिरी सारखेच दिसतात. दिवा मिणमिणता लागला तर आधी तेच बघा. चूक शोधायला मात्र मुलीच्या हातात मल्टिमीटर द्या, तिचं सर्किट स्वतः दुरुस्त करू नका. दर वीस मिनिटांनी जोडीत कामं बदला: एक जोडेल, दुसरी आकृती वाचेल.

सदरची प्राध्यापिका:
पालकांपुढे आकडे ठेवा, भाषण नको. २०२४-२५ पासून राज्यात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. आणखी एक अट, प्रवेश कॅप फेरीतून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली, आणि नेमकं इथेच पालक फसतात. एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती वेगळी: वर्षाला ५० हजार, डिप्लोमा आणि पदवी दोन्हींसाठी, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत.

सगळ्यात महत्त्वाचं, दहावीनंतर गणित सोडू देऊ नका. गणित सुटलं की एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गट बंद. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हेही मुलींना सांगा. भीतीने कोरे सोडलेले प्रश्न फार असतात. बारावी नको असेल तर दहावीवर शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा, मग थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. व्हीएनआयटी (नागपुरातली केंद्राची इंजिनिअरिंग संस्था) लांबची वाटते, पण बारावी महाराष्ट्रातून केली की तिथे राज्याचा कोटा लागू होतो आणि मुलींसाठी वेगळ्या जागाही आहेत.

जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवायला सांगा. पडताळणीचा अर्ज अकरावी विज्ञानला असतानाच करायचा. बारावीच्या निकालानंतर पळापळ केली तर वैधता प्रमाणपत्र वेळेत हाती येत नाही, आणि मिळालेली जागा त्यापायी जाते. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, तारीख बघून घ्या.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. काल एक संच करून पाहिला. शाळेत आरओचं पाणी आहे, त्यात तारा बुडवल्या तर एलईडी जेमतेम लागतो. ट्रान्झिस्टर बिघडला असेल का?

ब्रेडबोर्डवाला:
ट्रान्झिस्टर ठीक आहे. आरओमध्ये क्षार कमी, त्यामुळे बेसला प्रवाह पुरत नाही. नळाचं पाणी घ्या किंवा चिमूटभर मीठ टाका, आणि मुलींना दोन्ही पेले शेजारी ठेवून तपासू द्या. एक अडचण पुढे येईल: तांब्याच्या तारा पाण्यात राहिल्या तर प्लसची तार हिरवी पडून खंगते. टाकीत लावताना तारांच्या टोकांना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बांधा, आणि प्लसची तार पाण्यात कायम बुडालेली न ठेवता दोन्ही टोकं टाकी भरल्याच्या रेषेवर बसवा.