रॅकवर आहे, मग होल्ड कशाला?

दाखलांक
"पुस्तक रॅकवर आहे, पोरांना पाय आहेत, मग होल्डची थेरं कशाला?" असं काल इथं एका ग्रंथालयाच्या काउंटरवाल्यांनी ठोकून दिलं आणि खाली वाहवा झाली. होल्ड म्हणजे पुस्तक आपल्यासाठी राखून ठेवा अशी वाचकाची आगाऊ मागणी. म्हणून सविस्तर लिहितो. चंदगड-आजऱ्याकडून कोल्हापूरला येणारा संशोधक सकाळी ओपॅकवर (ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीवर) 'उपलब्ध' बघून एसटीत बसतो. तो पोचेपर्यंत प्रत गेलेली. कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरच्या देवघेव नियमांत रॅकवरच्या प्रतीसाठी तीन पर्याय आहेत: सरसकट होल्ड, एखादी प्रत बाहेर असेल तर होल्ड, सगळ्या बाहेर असतील तरच होल्ड. तिसरा लावून ठेवायचा आणि वाचकाला 'सिस्टीम घेत नाही' सांगायचं, ही लबाडी आहे. सिस्टीम घेते, तुम्ही घेत नाही.

शाहूपुरी_काउंटर
तो काउंटरवाला मीच. सरसकट लावल्यावर काय होतं ते लिहायचं तेवढं राहिलं तुमचं. होल्डची यादी छापा, बोधांकानं (पुस्तकाच्या पाठीवरच्या वर्गीकरण क्रमांकानं) लावून घ्या, सगळे मजले फिरा, प्रत आणा, चेक-इन करा, होल्ड कन्फर्म करा, स्लिप खोचा. मग वाचकाला मेल. परीक्षेच्या तोंडावर एकेक जण पाच होल्ड टाकतो आणि नेतो एक. बाकीची चार होल्डच्या कपाटात. कोहाची मूळ मुदत ७ दिवस. तोवर ती ना रॅकवर, ना कुणाच्या हातात.

दाखलांक
मग ७ चे २ करा की! एका वाचकाचे दिवसाला किती, एकूण किती, हेही नियमांच्या त्याच तक्त्यात भरता येतं. मुदत उलटली की आपोआप रद्द करायची सेटिंग वेगळी आहे, ती चालू करा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा चौथा नियम १९३१ पासून सांगतोय, वाचकाचा वेळ वाचवा.

शाहूपुरी_काउंटर
पुस्तकं आणणाऱ्या-लावणाऱ्या परिचराचा जीव घ्या असं नाही सांगितलं त्यांनी. आणि क्रॉननं (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामनं) रात्री होल्ड रद्द केला म्हणून पुस्तक चालत रॅकवर जात नाही. सकाळी ओपॅकवर 'उपलब्ध', रॅकवर भोक, पुस्तक कपाटातच. रोज स्लिपांवरच्या तारखा बघून कोण उपसणार?

संदर्भ_विभाग
दोघंही हवेत भांडताय. यादीतलं पुस्तक रॅकवर सापडतं का, ते सांगा आधी. मुक्तद्वार केल्यापासून, म्हणजे वाचकांना थेट रॅकपर्यंत सोडल्यापासून, ३३० चं (अर्थशास्त्राचं) पुस्तक ८९१.४६ च्या (मराठी साहित्याच्या) मागं खोचलेलं मिळतं. मित्रासाठी लपवलेलं! सापडलं नाही की होल्ड रद्द करून मोकळे होऊ नका. त्या प्रतीला 'हरवलेले' लावा, म्हणजे यादी दुसऱ्या प्रतीकडं वळते. आणि होल्ड घेताना विशिष्ट दाखलांकावर (एकाच प्रतीच्या नोंद क्रमांकावर) घेऊ नका, 'पहिली मिळेल ती प्रत' ठेवा. नाहीतर शेजारी दोन प्रती असताना वाचक तिसरीची वाट बघत बसतो.

मंगळवारपेठकर
लपवणारे थोडे हो. निम्मी पुस्तकं लावणाऱ्यांनीच हरवलेली असतात. कमवा-शिकाच्या पोरांच्या हातात ट्रॉली देता, दशांश कसा वाचायचा ते सांगता का? ३३०.१२ हे ३३०.९ च्या आधी लागतं. पोरगं नवापेक्षा बारा मोठा धरून पुढं लावतं. मग काढणारा भलत्याच जागी शोधतो आणि शेरा मारतो 'गहाळ'.

शाहूपुरी_काउंटर
पोरांवर ढकलणं सोपंय! परिचरांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि तासावारी आलेल्यांकडून शेल्फ रीडिंगची, म्हणजे रॅकवरचा क्रम तपासून लावायची, अपेक्षा करायची. ही जबाबदारी ग्रंथपालांची.

मंगळवारपेठकर
पोरांना नावं ठेवली नाहीत मी. शिकवत नाही त्यांना ठेवली. नीट वाचा.

संदर्भ_विभाग
आवरा दोघंही. होल्डच्या यादीवर 'सापडले नाही' असा शेरा पडेल तो अख्खा कप्पा त्याच दिवशी क्रमानं लावून घ्या. अख्ख्या ग्रंथालयाचं शेल्फ रीडिंग होत नसेल तर निदान मागणी असलेले कप्पे तरी सुधारतील.

दाखलांक
मूळ मुद्द्यावर या. यादी निघायच्या आत दुसराच कुणी तीच प्रत घेऊन काउंटरवर आला तर? कोहा 'होल्ड आहे' असा इशारा देतं, पण निर्णय काउंटरवाल्याचा.

शाहूपुरी_काउंटर
समोर उभा आहे त्याला द्यायचं. दुसरं काय, हिसकावून घेऊ?

दाखलांक
मग ऑनलाइन मागणाऱ्याची मागणी म्हणजे बुजगावणं? दिवसातून दोनदा, अकराला आणि तीनला यादी काढा. भांडणाची वेळच कमी येईल.

शाहूपुरी_काउंटर
बरं बाबा, तुमचंच खरं. नियम वाचकवर्गानुसार लावता येतात, तर संशोधकांना सरसकट, दोनच होल्ड, दोन दिवस मुदत. पदवीच्या पोरांना सगळ्या प्रती बाहेर असतील तरच. क्रमिक पुस्तकांना रॅकवरचा होल्ड अजिबात नाही. आणि तीनची यादी घेऊन मजले चढायला तुम्ही स्वतः या.